पाच वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी बदलावी का? आधी वॉट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चौदा इंची लॅपटॉप, इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज, पाच वर्षं रोजचा वापर. नवा होता तेव्हा चार्जर काढल्यावर सात तास चालायचा, आता अडीच तासांत बंद पडतो. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला, भाचा म्हणतो विंडोज नव्याने टाका. तुम्ही चंद्रपूरजवळ राहता, उन्हाळ्यात दुपारी वीज जाते आणि नेमके तेव्हाच तुमचे ऑनलाइन वर्ग असतात. शिवाय तुम्ही बॅटरी रिपोर्टमधले दोन आकडे दिलेत: मूळ क्षमता ५०,००० मिलिवॉट-तास आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता ३६,०००. हे दोन आकडे दिलेत म्हणून उत्तर नेमकं देता येतं.

आधी साधा भागाकार करू. ५०,००० मिलिवॉट-तास म्हणजे ५० वॉट-तास. घरच्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, म्हणजे नव्या बॅटरीत एका युनिटचा विसावा भाग मावत होता. तेवढ्यावर सात तास निघायचे, याचा अर्थ लॅपटॉप सरासरी ७ वॉटच्या आसपास वीज खात होता. आज ३६ वॉट-तास अडीच तासांत संपतात, म्हणजे सरासरी १४.४ वॉट. बॅटरी म्हातारी झाली हे खरंच आहे, पण तिने गमावलंय २८ टक्के. लॅपटॉपचं खाणं मात्र दुप्पट झालंय.

आता दोन्ही सल्ले या आकड्यांवर घासून बघा. फक्त बॅटरी नवी घातली, तर ५० भागिले १४.४, म्हणजे साडेतीन तासांच्या आत. हजारो रुपये खर्चून एक तास मिळाला. बॅटरी हीच ठेवली आणि खाणं ८ वॉटवर आणलं, तर ३६ भागिले ८, म्हणजे साडेचार तास, तेही फुकटात. दोन्ही केलं तर सहा तासांच्या पुढे. म्हणून माझा आग्रह असा की पैसे खर्च करण्याआधी आणि विंडोज पुसण्याआधी एक आठवडा नुसतं मोजा.

एक अट मात्र लक्षात ठेवा. सात तास निघायचे तेव्हा तुम्ही लिखाण करत होता, आता कॅमेरा लावून वर्ग घेता. कामच जड झालं असेल तर १४ वॉटमधला काही भाग त्या कामाचा हक्काचा आहे. तो वेगळा काढण्यासाठीच मोजायचं.

टक्क्यांवर विसंबू नका. कोपऱ्यात दिसणारे टक्के आजच्या पूर्ण क्षमतेचे असतात, मूळ क्षमतेचे नव्हेत. तुमचे आजचे १०० टक्के म्हणजे नव्या बॅटरीचे ७२. शिवाय हा आकडा बॅटरीतली एक छोटी चिप सांगते. ती आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजून हिशेब ठेवते, आणि ‘पूर्ण क्षमता’ किती हे तिला तेव्हाच नीट कळतं जेव्हा बॅटरी भरपूर उतरते आणि पुन्हा पूर्ण भरते. महिनोन्‌महिने चार्जर लावूनच काम केलं तर तिचा हिशेब चुकत जातो. मग २० टक्के दिसत असताना लॅपटॉप धाडकन बंद पडतो. तसं होत असेल तर एकदा पूर्ण भरून, सलग वापरून ५-७ टक्क्यांपर्यंत उतरवा आणि न थांबता पुन्हा पूर्ण भरा. याने क्षमता वाढत नाही, आकडा खरा होतो. दर आठवड्याला हे करू नका, खोलवर उतरवण्यानेही बॅटरी झिजते. ‘इतके तास इतकी मिनिटं शिल्लक’ हा अंदाज तर गेल्या काही मिनिटांच्या वापरावर बेतलेला असतो, त्यामुळे तो उड्या मारतो. ॲपलने मॅकच्या वरच्या पट्टीतून तो डिसेंबर २०१६ मध्ये काढूनच टाकला.

मोजायचं काय, तर दोनच गोष्टी: बॅटरीत किती वॉट-तास उरलेत आणि दर क्षणाला किती वॉट जातायत.

पहिली तुम्हाला सापडलीच आहे. इतरांसाठी सांगतो, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) ‘पॉवरसीएफजी’ हा आदेश ‘बॅटरीरिपोर्ट’ या पर्यायासह चालवला की ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता, आजची क्षमता आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये किती चार्ज-फेऱ्या (पूर्ण भरून पूर्ण उतरण्याइतका वापर म्हणजे एक फेरी) झाल्या तेही येतं. खाली क्षमतेचा आठवड्यागणिक इतिहास असतो. तो जरूर वाचा. क्षमता हळूहळू उतरत आली असेल तर ते वय आहे. एखाद्या महिन्यात एकदम खाली आली असेल तर एखादा सेल बिघडला किंवा चिपचा हिशेब चुकला. उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) ‘पॉवर स्टॅटिस्टिक्स’ या ॲपमध्ये हेच आकडे मिळतात आणि चालू वॉटही दिसतात. मॅकमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘पॉवर’ विभागात बघा.

दुसरी गोष्ट, चालू वॉट, विंडोज आपल्या सेटिंग्जमध्ये दाखवत नाही. ‘बॅटरीइन्फोव्ह्यू’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’ यांपैकी एखादं फुकट मिळणारं साधन घ्या. दोन्ही त्याच चिपला विचारून डिस्चार्जचा वेग दाखवतात. चार्जर काढलेला असतानाच हा आकडा कामाचा.

मोजण्याची शिस्त महत्त्वाची आहे, नाहीतर आकडे काहीही सांगतात. चार्जर काढा, पाच मिनिटं जाऊ द्या. ब्राइटनेस एका ठिकाणी ठेवा, आपोआप कमी-जास्त होणं बंद करा. सगळी ॲप बंद करून, वायफाय चालू ठेवून, कशालाही हात न लावता दहा मिनिटं थांबा आणि वॉट टिपा. हा तुमचा पाया. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. मोजणारं साधन दर सेकंदाला ताजं होत असेल तर तेच प्रोसेसरला झोपू देत नाही, म्हणून ते दहा-पंधरा सेकंदांवर ठेवा.

वर्ग चालू असताना पडद्यावरचा आकडा सतत नाचेल, त्याकडे बघत बसू नका. सुरुवातीला उरलेले मिलिवॉट-तास टिपा, बरोबर अर्ध्या तासाने पुन्हा टिपा, वजाबाकी करून दुप्पट करा. समजा ३१,४०० होते आणि २४,९०० उरले. ६,५०० गेले, दुप्पट १३,०००, म्हणजे सरासरी १३ वॉट. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. यात क्षणिक उड्या मिटून जातात आणि वही-पेनापलीकडे काही लागत नाही.

सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर अनेकांकडे असतो. तो चार्जरमधला तोटाही धरतो आणि बॅटरी भरत असेल तर तीही वीज धरतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तुलनेपुरता ठीक आहे, एवढंच.

आता किती वॉट म्हणजे बरं? तुमच्यासारख्या चौदा इंची, साध्या लॅपटॉपला मध्यम ब्राइटनेसवर रिकामं बसायला साधारण ३ ते ६ वॉट पुरतात. लिखाणाला ५ ते ८. डिस्कवर ठेवलेला व्हिडिओ बघायला ६ ते ९. कॅमेरा लावून बैठक किंवा वर्ग घ्यायला १२ ते २० लागू शकतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंग लॅपटॉपचे सगळेच आकडे यापेक्षा वरचे. तुमचा पायाच ९-१० वॉट निघाला, तर काहीतरी विनाकारण जागं आहे हे नक्की, आणि तेच शोधायचंय. पाया ५ निघाला आणि फक्त वर्गात १५ होत असतील, तर वर्गाचं ॲप हाच विषय.

पाया जास्त आला तर त्याचे दोन तुकडे करता येतात. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरपासून चिपमध्येच ऊर्जेचा हिशेब ठेवणारे मोजमाप दिलंय, एएमडीच्या झेन प्रोसेसरमध्येही आहे. एचडब्ल्यूइन्फोत ते ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ म्हणून दिसतं (सीपीयू म्हणजे प्रोसेसर). एकूण वॉटमधून ते वजा केलं की उरतं ते पडदा, डिस्क, वायफाय आणि बाकीच्यांचं. एकूण १० आणि पॅकेज ६ असेल तर शत्रू सॉफ्टवेअर आहे. पॅकेज १.५ आणि एकूण १० असेल तर पडदा किंवा एखादं उपकरण. लिनक्सवाल्यांना ‘टर्बोस्टॅट’ हेच सांगतं, पण रूट अधिकार, म्हणजे मुख्य प्रशासकाचे अधिकार, लागतात. या मोजमापावरून गुप्त माहिती चोरता येते हे संशोधकांनी २०२० मध्ये दाखवल्यापासून लिनक्सने ते सामान्य वापरकर्त्यासाठी बंद केलं.

प्रोसेसरचं खाणं समजून घ्यायचं तर त्याची झोप समजून घ्यावी लागते. टास्क मॅनेजरमध्ये एखादं ॲप २ टक्के दिसतं आणि आपण ते सोडून देतो. पण काम किती आहे यापेक्षा ते किती वेळा उठवतं याला जास्त महत्त्व आहे. आधुनिक प्रोसेसर दोन कळ दाबण्याच्या मधल्या फटीतही झोपतो, आणि झोप जितकी खोल तितके चिपचे अधिक भाग बंद होतात. सेकंदाला शेकडो वेळा ‘काही नवीन आलं का’ विचारणारं ॲप त्याला खोल झोपेत जाऊच देत नाही. लिनक्सच्या जगात याची जाण २००७ मध्ये आली. त्या वर्षी इंटेलने ‘पॉवरटॉप’ हे साधन काढलं, ठरावीक ठोक्याने प्रोसेसर उठवणं थांबवणारी सोय कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आली, आणि कितीतरी नेहमीची ॲप उगाच जागरण करताना पकडली गेली. पॉवरटॉप आजही लिनक्सवर माझी पहिली पसंती आहे. कोण सेकंदाला किती वेळा उठवतंय हे ते यादी करून सांगतं.

विंडोजमध्ये याच्या जवळ जाणारं काम ‘पॉवरसीएफजी’चा ‘एनर्जी’ पर्याय करतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, तो साठ सेकंद निरीक्षण करून अहवाल देतो. लॅपटॉप रिकामा बसलेला असताना चालवायचा, तरच अहवालाला अर्थ. विंडोजचा घड्याळी ठोका एरवी दर १५.६ मिलिसेकंदांनी पडतो. काही ॲप तो १ मिलिसेकंदावर आणायला लावतात, म्हणजे सेकंदाला ६४ ऐवजी हजार ठोके. कुणी तशी मागणी केली, कोणतं यूएसबी उपकरण झोपायला नकार देतंय, हे त्या अहवालात नावानिशी येतं. लाल रंगातल्या सगळ्याच ओळी घाबरण्यासारख्या नसतात, त्यातल्या काही फक्त ‘चार्जर लावलेला असताना’च्या सेटिंगबद्दल असतात. तुम्ही ॲप आणि यूएसबीच्या ओळी बघा.

टास्क मॅनेजरमधला ‘पॉवर युसेज’चा रकाना आणि मॅकमधला ‘एनर्जी इम्पॅक्ट’ हे दोन्ही अंदाज आहेत, वॉट नव्हेत. कुठे बघायचं ते सांगायला उत्तम, हिशेब मांडायला निरुपयोगी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘पॉवर अँड बॅटरी’खाली ॲपनुसार बॅटरीचा वापर दिसतो, पडद्यावर असताना किती आणि मागे दडून किती, असा. मागे दडून खाणाऱ्यांची यादी तिथूनच काढा. पाच वर्षांच्या लॅपटॉपवर ती हमखास लांब असते. फाइली ढगात (क्लाउडवर) चढवणारी दोन-तीन ॲप, प्रिंटरचा मदतनीस, लॅपटॉपबरोबर आलेला अँटिव्हायरस आणि त्याच्या जोडीला विंडोजचा स्वतःचा, कधीकाळी एका बैठकीसाठी टाकलेली आणि सुरुवातीलाच आपोआप चालू होणारी ॲप. भाच्याचा सल्ला इथे अर्धा बरोबर आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर हे सगळं जातं, पण तेच एकेक करून काढलं आणि प्रत्येकानंतर पाया मोजला, तर दोषी कोण हे कळतं आणि तो पुन्हा येणार नाही.

पडद्याबद्दल थोडक्यात. साध्या एलसीडी पडद्याला कमी ब्राइटनेसवर एक-दोन वॉट लागतात, पूर्ण उजेडावर चार-पाच. तुमच्या एकूण ८ वॉटच्या लक्ष्यात हा फरक फार मोठा आहे. वरचा शेवटचा पाव भाग सगळ्यात महाग पडतो आणि डोळ्याला त्यातला फरक सगळ्यात कमी जाणवतो, म्हणून खोलीतला उजेड सोयीचा करून ब्राइटनेस उतरवा. काळी थीम लावून बॅटरी वाचते हे फक्त ओलेड पडद्याला लागू, ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तुमच्या पडद्यामागचा दिवा काळ्या पानावरही तेवढाच जळतो. १२० किंवा १४४ हर्ट्‌झचा पडदा असणाऱ्यांनी बॅटरीवर असताना ६० ठेवावा.

ब्लूटूथ, कीबोर्डचा उजेड, पंख्याची फिरकी, हे किरकोळ. वायफाय ठीक सिग्नल असेल तर फारसं खात नाही, सिग्नल कमजोर असेल तर खातं. लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मात्र ते झोपलंय ना हे जरूर तपासा, ते उगाच जागं असेल तर पाच-दहा वॉट सहज जातात. गंमत अशी की त्या कार्डाचं तापमान दाखवणारं साधनच पुष्कळदा त्याला जागं ठेवतं. तुमच्या लॅपटॉपमध्ये ते नाही असं वर्णनावरून दिसतं.

तुमच्यासाठी कळीचा मुद्दा वर्गांचा आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो. कॅमेऱ्याची बैठक हे लॅपटॉपला फार जड काम आहे. तुमचं चित्र दाबून पाठवायचं, समोरच्या वीस मुलांची चित्रं उलगडायची, आवाजातला गोंगाट गाळायचा, आणि यातलं सगळं सलग, झोपेला जराही उसंत न देता. त्यात पार्श्वभूमी धूसर करणं किंवा मागे चित्र लावणं हे सगळ्यात महाग. दर चौकटीत माणूस कुठला आणि भिंत कुठली हे ओळखावं लागतं, आणि दहाव्या पिढीच्या प्रोसेसरवर ते ओझं बहुतेक सीपीयू आणि ग्राफिक्सवरच पडतं. एक दिवस धूसर पार्श्वभूमी ठेवून अर्धा तास मोजा, दुसऱ्या दिवशी काढून मोजा. फरक तुम्हालाच दिसेल. मागे साधी भिंत किंवा चादर असली की काम भागतं. सगळ्या मुलांची जाळी न बघता फक्त बोलणाऱ्याचं चित्र ठेवा. एचडी व्हिडिओचा पर्याय बंद करा. फळा म्हणून पडदा दाखवत असाल तेव्हा आपला कॅमेरा बंद ठेवायला हरकत नाही. तीच बैठक ब्राउझरमध्ये आणि तिच्या ॲपमध्ये वेगवेगळी वीज खाते. कोणतं कमी खातं हे लॅपटॉपनुसार बदलतं, म्हणून दोन्हीकडे मोजूनच ठरवा.

दुसरी एक युक्ती या सलग ओझ्यावर चांगली लागू पडते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंग्जमध्ये, प्रोसेसरची कमाल मर्यादा बॅटरीसाठी १०० ऐवजी ९९ टक्के करा. एवढ्याने टर्बो, म्हणजे गरज पडली की नेहमीपेक्षा जास्त वेग घेण्याची प्रोसेसरची सोय, बंद होतो. प्रोसेसर वेग वाढवतो तेव्हा त्याला व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात वाढतो, त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगाची किंमत फार असते. चार सेकंदांचं काम एका सेकंदात उरकून झोपायचं असेल तर टर्बो परवडतो. तासभर न थांबणाऱ्या वर्गात झोप नाहीच, तिथे टर्बो फक्त उष्णता देतो. काही लॅपटॉपमध्ये ही ओळ लपवलेली असते, तेव्हा सेटिंग्जमधला ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ हा प्रकार निवडा.

धडे म्हणून यूट्यूब दाखवत असाल तर एक तपासणी करा. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या (ग्राफिक्सच्या) पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख हलतोय का बघा. हलत असेल तर व्हिडिओ उलगडण्याचं काम त्यासाठीच बनवलेला चिपचा छोटा भाग करतोय, आणि तो काटकसरी आहे. सपाट असेल तर सगळं सीपीयूवर पडलंय. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ या प्रकारात देतं. तो उलगडणारा भाग इंटेलने २०२० मध्ये अकराव्या पिढीपासून दिला, तुमच्या दहाव्या पिढीत नाही. जुने प्रकार मागणारं एखादं छोटं एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकलं की काम पुन्हा योग्य भागाकडे जातं. तोच व्हिडिओ, तेच दिसणं, आणि मोजमापात चांगला फरक.

झाकण लावून ठेवलेल्या लॅपटॉपचं काय होतं हेही मोजा. रात्री ६० टक्क्यांवर झाकण लावलं आणि सकाळी किती उरलंय ते टिपा. नव्या पद्धतीच्या ‘मॉडर्न स्टँडबाय’ झोपेत लॅपटॉप फोनसारखा अर्धवट जागा असतो. नीट वागला तर अर्ध्या वॉटच्या आत भागतं. एखादं ॲप किंवा ड्रायव्हर हट्टाला पेटला तर दोन वॉटही जातात, आणि आठ तासांचे होतात १६ वॉट-तास. तुमच्या ३६ मधले १६, कुणीही न वापरता. तुमच्या अडीच तासांच्या तक्रारीत सकाळी पूर्ण न भरलेल्या बॅटरीचा वाटा असू शकतो. ‘पॉवरसीएफजी’ला ‘स्लीपस्टडी’ हा पर्याय दिला की गेल्या काही दिवसांत झोपेत कुणी किती खाल्लं याचा अहवाल मिळतो. ‘रिक्वेस्ट्स’ हा पर्याय दिला तर या क्षणी कोण झोपू देत नाही ते कळतं. सर्वात सरळ उपाय म्हणजे झाकण लावल्यावर हायबरनेट करायला लावणं, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, पण रात्रीचा खर्च जवळजवळ शून्य होतो.

आता बॅटरीच्या तब्येतीकडे येतो. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हापासून रसायनं खूप सुधारली, पण दोन गोष्टींचा तिला आजही त्रास होतो: उष्णता आणि काठोकाठ भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र आल्या तर झीज झपाट्याने होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की झिजण्याचा वेग साधारण दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि लॅपटॉपच्या पोटात त्याहून जास्त असतं. तुमचा लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून १०० टक्क्यांवर, अशा खोलीत राहत असेल, तर गेलेले २८ टक्के मला जास्त वाटत नाहीत.

म्हणून दोन कामं आजच करा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधा. लेनोव्होत ती ‘कन्झर्व्हेशन मोड’ म्हणून असते, आसुसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’, काही लॅपटॉपमध्ये ती थेट बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) असते. वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी सकाळी ती मर्यादा काढून पूर्ण भरा, एरवी ८० वर राहू द्या. दुसरं काम म्हणजे पंखा आणि हवेच्या जाळ्या साफ करून घेणं. पाच वर्षांची धूळ बसली की प्रोसेसर तापतो, तापलेली चिप तेवढ्याच कामाला जास्त वीज गळवते, पंखा जोरात फिरतो, आणि ती सगळी उष्णता शेजारच्या बॅटरीला लागते. गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवून वर्ग घेऊ नका, खालून हवा आत जायला जागा लागते.

वीज गेल्यावरच्या सोयीसाठी पॉवर बँक घ्यायचा विचार असेल तर डब्यावरच्या मिलिॲम्पिअर-तासांना भुलू नका. २०,००० हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात, आणि व्होल्टेज बदलण्यातला तोटा वजा जाता लॅपटॉपला साधारण साठ मिळतात. तुमच्या ८ वॉटच्या लक्ष्याला ते सात तासांहून जास्त आहेत, आजच्या १४ वॉटला चार. तुमचा लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होतो का आणि किती वॉट मागतो हे मात्र आधी तपासा, नाहीतर पॉवर बँक शोभेची राहील.

बॅटरी केव्हा बदलायची याचं माझं उत्तर असं. पाया आणि वर्ग दोन्ही ताळ्यावर आणल्यावरही तुमचे दुपारचे तास भागत नसतील, किंवा क्षमता मूळच्या साठ टक्क्यांखाली गेली असेल, किंवा हिशेब सुधारूनही लॅपटॉप २० टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल, तर बदला. आणि टचपॅड वर आलेला दिसला, झाकण नीट बसेनासं झालं किंवा तळ फुगीर वाटला, तर काहीही मोजत बसू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि जाणकाराकडून ती काढून घ्या. ती स्वतः दाबून बघणं किंवा टोचणं धोक्याचं आहे, आग लागू शकते.

नवी घेताना लॅपटॉपचा नव्हे, जुन्या बॅटरीवर छापलेला भाग क्रमांक जुळवा. शक्य असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातूनच घ्या. बाहेरून घेतली तर उत्पादनाची तारीख बघा, दोन-तीन वर्षं कपाटात पूर्ण भरून पडलेली बॅटरी नवी नसते. बसवल्यावर दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. मूळ क्षमता ५०,००० च्या आसपास यायला हवी, पूर्ण चार्जची क्षमता तिच्या जवळ, आणि चार्ज-फेऱ्यांचा आकडा शून्य किंवा एक-दोन. चिपमध्ये खोटी मूळ क्षमता लिहून विकलेल्या बॅटऱ्याही असतात, त्यामुळे घरी आल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण भरून, वॉट आणि वेळ टिपत एकदा उतरवा. सरासरी ८ वॉटवर ती साडेतीन तासांत संपली तर तिच्यात २८ वॉट-तासच आहेत, रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो. परत करण्याची मुदत संपण्याआधी हा हिशेब दुकानदारासमोर ठेवा.